शिक्का शाबूत, माल गायब

चौदाव्या दिवशी संध्याकाळी पाच वाजून दहा मिनिटांनी अंडी उबवायच्या यंत्राच्या काचेला आतून घाम फुटला, आणि तपासनिसांना घरातल्या सगळ्यांचा संशय आला. घरात त्यांच्याखेरीज दोनच माणसं होती, बायको आणि सून. मुलगा नोकरीनिमित्त बाहेरगावी असल्यामुळे संशयातून सुटला, तोही पूर्ण सुटला असं नाही, कारण यंत्र त्यानेच पाठवलं होतं.

तपासनीस वजनमापे खात्यातून निवृत्त होऊन चार वर्षं झाली होती. एकतीस वर्षं त्यांनी दुकानादुकानांतले तराजू उलटे करून पाहिले, पारड्याखाली चिकटवलेलं मेण नखाने खरवडून काढलं, आणि जे वजन पटलं त्यावर शिक्का मारला. लोकांची अंडीपिल्ली बाहेर काढणं हे त्यांचं काम होतं आणि ते त्यांना मनापासून आवडायचं. म्हातारपणी खरीखुरी अंडीपिल्ली बाहेर काढायचं काम त्यांच्या गळ्यात पडेल असं मात्र खात्यात कुणाला वाटलं नव्हतं.

ते गळ्यात पडलं लंगडीमुळे. लंगडी ही बायकोची कोंबडी. पिल्लू असताना दाराच्या फटीत तिचा पाय मोडला होता. बायकोने आइस्क्रीमची काडी बांधून तो सांधला, थोडा वाकडाच सांधला, आणि तेव्हापासून चार वर्षं ती कोंबडी एका पायाने ठेचकाळत बायकोच्या मागे घरभर हिंडायची. बायको तिच्याशी बोलायची. तपासनिसांशी बोलायची त्यापेक्षा जास्त बोलायची, आणि लंगडी मध्येच आकडे विचारत नसल्यामुळे ते बोलणं पूर्णही व्हायचं. मागच्या महिन्यात परसात कुत्रं शिरलं. दुसरी एखादी कोंबडी पळाली असती. लंगडीला ते जमलं नाही.

मागे तिची सात अंडी उरली, स्वयंपाकघरातल्या टोपलीत. बायको रडली नाही, पण त्या टोपलीला कुणाला हात लावू देईना. तिसऱ्या दिवशी ती म्हणाली,

"मी ही शेजारच्या खुडूक कोंबडीखाली नेऊन ठेवते."

शेजारी घड्याळजी राहत. त्यांच्याकडे एक कोंबडा होता आणि अंड्यांवर बसायची हुक्की आलेली एक कोंबडी होती. हुक्की इतकी की अंडी नव्हती तर ती आठवडाभर गजराच्या एका बंद पडलेल्या घड्याळावर बसून होती. कोंबडा रोज भिंत ओलांडून लंगडीकडे येत असे. त्यामुळे ही सात अंडी रिकामी नव्हती, आणि नात्याने पाहिलं तर दोन्ही घरं एकमेकांची व्याही लागत होती. घड्याळजी तसं बोलूनही दाखवत. ते तपासनिसांना आवडत नसे.

"खुडूक कोंबडीला आर्द्रतेतलं काय कळतं?" तपासनीस म्हणाले. "एवढं यंत्र आलंय घरात. तापमान आहे, आर्द्रता आहे, अंडी आपोआप वळतात. यंत्रातच ठेवायची."

"आणि काही झालं तर?"

"मी जबाबदार."

बायकोने त्यांच्याकडे नीट पाहिलं. "लंगडीचं एवढंच राहिलंय हो."

"लेखी देतो," तपासनीस म्हणाले, आणि खरोखरच त्यांनी नवी वही काढून पहिल्या पानावर लिहून दिलं. खाली सही केली, तारीख घातली. प्रत्येक अंड्यावर पेन्सिलीने एक ते सात आकडे घातले आणि यंत्र मागच्या खोलीत टेबलावर लावलं.

यंत्राबरोबर आलेल्या पुस्तिकेत सगळं स्पष्ट होतं. पहिले अठरा दिवस आर्द्रता पंचेचाळीस ते पन्नास. शेवटचे तीन दिवस पासष्ट ते सत्तर, आणि तेव्हा झाकण उघडायचं नाही. आर्द्रता मोजायला हाताच्या पंजाएवढं एक मीटर यंत्रात ठेवायचं होतं. पहिल्या दिवशी मीटरने तीस दाखवलं. तपासनिसांनी तळाच्या पन्हळीत पाणी घातलं. छत्तीस झालं. दुसरी पन्हळ भरली. त्रेचाळीस. शेवटी भांडी घासायचा एक नवा स्पंज भिजवून आत ठेवला, तेव्हा कुठे काटा अठ्ठेचाळीसवर आला आणि तपासनिसांनी वहीत समाधानाने टिंब दिलं. त्यानंतर दर तासाला ते खोलीत जात आणि आकडा लिहून आणत. अठ्ठेचाळीस. अठ्ठेचाळीस. सत्तेचाळीस. पाणी. अठ्ठेचाळीस.

चौदाव्या दिवशी सकाळी त्यांनी खोलीत अंधार करून एकेक अंडं टॉर्चवर धरलं. बायको आणि सून बघायला आल्या होत्या. सून शाळेत विज्ञान शिकवते, त्यामुळे तिला बोलावणं भागच होतं. सातही अंड्यांत काळपट गोळा दिसत होता आणि क्रमांक दोनमध्ये तो हललाही. बायकोने पदर तोंडाला लावला. वरच्या बाजूला, अंड्याच्या रुंद टोकाशी, हवेची पोकळी दिसत होती. तपासनिसांनी तिच्याभोवती पेन्सिलीने रेघ ओढली. सातव्या दिवशी ओढलेली रेघ शेजारीच होती.

"दोन्ही रेघा एकमेकींना चिकटल्यात," बायको म्हणाली. "सात दिवसांत पोकळी वाढलीच नाही. आत ओल फार झालीय."

"ओल नाही. आर्द्रता."

"काय म्हणायचं ते म्हणा. अंड्यातलं पाणी बाहेर गेलं तर ती जागा मोठी होते. पिल्लू बाहेर यायच्या आधी पहिला श्वास तिथे घेतं. जागाच नसली तर आतल्या आत गुदमरेल. माझ्या आईकडे चाळीस कोंबड्या होत्या, मला कळतं."

"मीटर अठ्ठेचाळीस दाखवतंय."

"मीटरला श्वास घ्यायचा नाहीये."

"बाबा," सून म्हणाली, "मीटर एकदा तपासून घ्यायचं का?"

तपासनिसांनी सुनेकडे असं पाहिलं की तिने विषय सोडून दिला. एकतीस वर्षं दुसऱ्यांची मापं तपासलेल्या माणसाला हे कुणी विचारायचं. त्यांनी वही उघडली आणि खात्याच्या रीतीने नोंद केली. 'पत्नीची तक्रार: पाणी जास्त. पडताळणी: तक्रार निराधार.' बायकोने ती नोंद वाचली, खिडकीचा पडदा सरकवला आणि आत निघून गेली.

आणि त्याच संध्याकाळी, तपासनीस पेठेत जाऊन परत येतात तोच, काचेला हा घाम. त्यांनी पिशवी खाली ठेवायच्या आधी आकडे वाचले. तापमान साडेसदतीसवरून चौतीसवर आलं होतं. आर्द्रता तर वाटेल तशी नाचत होती. आणि सातपैकी सहा अंड्यांवर दव जमलं होतं.

"झाकण कुणी उघडलं?"

"मी भाजी चिरत होते," बायको स्वयंपाकघरातून म्हणाली.

"मी वह्या तपासत होते," सून म्हणाली.

दोन्ही उत्तरं प्रश्न संपायच्या आधी आली होती. दुकानदाराने विचारायच्या आधी हिशेब सांगितला की पारड्याखाली मेण असतं, हा तपासनिसांचा अनुभव. कुठेतरी पाणी मुरत होतं. ते कुठे मुरतंय हे शोधल्याशिवाय राहायचं नाही असं त्यांनी ठरवलं.

पंधराव्या दिवशी खोलीच्या दाराला दोरीने एक रजिस्टर लटकलं. आत येणाऱ्याने नाव, वेळ आणि कारण लिहून सही करायची. सुनेने लिहिलं, 'कारण: झाडू.' दुपारी पुन्हा लिहिलं, 'कारण: सकाळी विसरलेला झाडू.' बायकोने लिहिलं, 'कारण: माझं घर आहे.' तपासनिसांच्या स्वतःच्या त्या दिवशी एकोणतीस सह्या झाल्या.

संध्याकाळपर्यंत मीटर एक्केचाळीसवर घसरलं. सोळाव्या दिवशी त्यांनी झाकणाच्या फटीवर शिवणाचा दोरा चिकटवला आणि त्याच्या दोन्ही टोकांवर लाख ओतून खात्यातून आठवण म्हणून मिळालेला पितळी शिक्का उमटवला. आता कुणी झाकण उघडलं तर दोरा तुटणार होता. अडचण एवढीच झाली, की शिक्का शाबूत असूनही आत काही फेरफार झालाय का हे पाहायला तपासनिसांना झाकण उघडावं लागे. मग दोरा तुटे, मग नवा दोरा, नवी लाख. दिवसातून सहा वेळा हे चाले, प्रत्येक वेळी आतली वाफ बाहेर जाई, आणि प्रत्येक वेळी मीटर उतरलेलं बघून त्यांचा संशय वाढत जाई.

"बाबा, लाख संपत आली," सून म्हणाली.

"कुणी संपवली?"

"तुम्हीच."

तपासनिसांनी तेही वहीत लिहून घेतलं.

संशयाला खरी धार आली ती बायकोच्या मनगटी घड्याळामुळे. पंधराव्या दिवसापासून ते घड्याळ एकाएकी मागे पडायला लागलं होतं आणि बायको रोज पाच वाजता ते घेऊन घड्याळजींकडे जात होती. घड्याळजी दुकान बंद करून पाचला घरी येत हे सगळ्या गल्लीला ठाऊक होतं. घड्याळ दुरुस्त व्हायला कधी वीस मिनिटं लागत, कधी चाळीस. परत आल्यावर बायकोचा चेहरा हलका झालेला असे, आणि सतराव्या दिवशी तर ती चक्क काहीतरी गुणगुणत आली. लंगडी गेल्यापासून ती गुणगुणली नव्हती.

"काय झालं होतं घड्याळाला?" तपासनिसांनी विचारलं.

"स्प्रिंग."

"काल काय होतं?"

"कालही स्प्रिंगच."

"परवा?"

"अहो, त्यात एकच गोष्ट आहे, ती सारखी बिघडते."

तिच्या खांद्यावर एक तपकिरी पीस चिकटलं होतं. तपासनिसांनी ते चिमटीत धरून वहीच्या पानात ठेवलं. घड्याळजी यात आहेत, याबद्दल आता त्यांच्या मनात शंका उरली नाही. अंडी आपल्या कोंबडीखाली आली नाहीत याचा राग त्या माणसाला होता. बायकोला फितवून तो यंत्रातलं पाणी काढवत असणार, अंडी बाद करवत असणार, आणि मग म्हणणार, बघा साहेब, तरी मी म्हणत होतो. आपल्याच घरात, आपल्याच बायकोकरवी. तपासनिसांना राग आला आणि त्या रागाखाली त्यांना भीतीही वाटली, हे त्यांनी वहीत लिहिलं नाही. जबाबदारीचं पान त्यांच्या सहीचं होतं. अंडी बाद झाली असती तर बायको काही बोलली नसती, आणि ते न बोलणं त्यांना उरलेलं आयुष्य ऐकत बसावं लागलं असतं.

अठराव्या दिवशी पुस्तिकेप्रमाणे शेवटची तपासणी करायची होती. त्यानंतर आर्द्रता अडुसष्टवर न्यायची आणि झाकण तीन दिवस बंद. पाचला पाच मिनिटं असताना बायको बाहेर पडली. तपासनिसांनी खोलीत अंधार केला, दोरा तोडला, क्रमांक एक उचलून टॉर्चवर ठेवला आणि त्यांच्या तोंडचं पाणी पळालं.

अंडं आरपार उजळलं. काळपट गोळा नाही, शिरा नाहीत, काही नाही. पिवळ्या दिव्यासारखं स्वच्छ अंडं. त्यांनी क्रमांक दोन उचललं, तेही तसंच. याच्यात चार दिवसांपूर्वी पिल्लू हललं होतं. तीन रिकामं. चार मात्र काळंभोर भरलेलं निघालं. पाच, सहा, सात पुन्हा रिकामी. कवच धड होतं, कुठे चीर नाही, भोक नाही, आणि आतली सहा पिल्लं नाहीशी झाली होती. शिक्का शाबूत आणि माल गायब. एकतीस वर्षांत इतकी सफाई त्यांनी पाहिली नव्हती. भरलेलं पोतं हलकं होताना त्यांनी पाहिलं होतं, पण अंडं न फोडता आतलं पिल्लू नेणारा चोर त्यांना नवा होता. क्षणभर त्यांच्या मनात आलं की आर्द्रतेने ती विरघळली असतील.

मग त्यांची नजर क्रमांक पाचवर गेली. आकड्यावर. तपासनिसांचा पाच खात्यातला पाच होता, घाईत काढलेला, शेपूट लांबवलेला. हा पाच नेमका, गोल आणि ठसठशीत होता, फळ्यावर काढावा तसा. पोकळीच्या रेघासुद्धा कुणीतरी जिवापाड मेहनतीने त्यांच्यासारख्या काढल्या होत्या. पण पाच पकडला गेला.

सून पुढच्या खोलीत वह्या तपासत होती. तपासनिसांनी अंडं तिच्यासमोर ठेवलं.

"हा पाच कुणाचा?"

"बाबा, मला अजून एका वर्गाच्या..."

"हा पाच कुणाचा?"

सुनेने लाल पेनचं टोपण लावलं. "माझा."

"आणि आई कुठाय?"

"घड्याळ दुरुस्त करायला."

बायकोचं घड्याळ टेबलावर फुलदाणीशेजारी पडलं होतं. त्यात पाच वाजून चार मिनिटं झाली होती. तपासनिसांनी भिंतीवरच्या घड्याळात पाहिलं. तिथेही पाच वाजून चार मिनिटंच झाली होती.

घड्याळजींच्या परसात एका फळकुटाखाली खोका आडवा करून ठेवला होता. बायको त्याच्यासमोर पाटावर बसली होती आणि घड्याळजी पाण्याची वाटी धरून उभे होते. खोक्यात ती खुडूक कोंबडी पिसं फुगवून बसली होती. तपासनीस आलेले पाहून घड्याळजी वाटी हातात घेऊनच दोन पावलं मागे सरले.

"या व्याही," ते म्हणाले. त्यांना दुसरं काही सुचलं नाही.

बायको उठली नाही. तिने कोंबडीच्या पोटाखाली हात घालून एक अंडं बाहेर काढलं आणि वर धरलं. त्यावर लांब शेपटाचा पाच होता.

"तुम्ही अंडी चोरलीत," तपासनीस म्हणाले. आवाज त्यांना हवा होता तेवढा चढला नाही.

"माझीच होती," बायको म्हणाली. "बदली ठेवायला दुकानातून सहा आणली. रंग जुळवायला तीन दुकानं पालथी घातली. फ्रीजमधून काढून जरा वेळ बाहेर ठेवायला हवी होती, तेवढं विसरले. म्हणून तुमच्या काचेला घाम आला."

"आधी सांगायचं तरी."

"सांगितलं होतं. तुम्ही वहीत लिहून घेतलंत."

वही तपासनिसांच्या काखेत होती. त्यांना ती उघडायची गरज पडली नाही. 'तक्रार निराधार' हे शब्द त्यांना पाठ होते, कारण गेली एकतीस वर्षं ते तेच दोन शब्द लिहीत आले होते, आणि बहुतेक वेळा घाईत.

घड्याळजींनी वाटी खाली ठेवली. "साहेब, राग मानू नका, पण एक विचारतो. माझ्या दुकानात चाळीस घड्याळं आहेत. मी एकावरही विश्वास ठेवत नाही, दुसऱ्याशी ताडून बघतो. तुमचं ते मीटर तुम्ही कशाशी ताडलं?"

मीटर नवं होतं. खोक्यातून आलं होतं, पुस्तिकेसकट. एखाद्या दुकानदाराने 'साहेब, काटा नवा आहे, खोक्यातून आलाय' असं सांगितलं असतं तर त्यांनी त्याला दुकानाबाहेर उभा करून भर रस्त्यात सुनावलं असतं.

"गजराच्या घड्याळावर बसणाऱ्या कोंबडीला मात्र सगळं कळतं, नाही का?" तपासनीस शेवटी म्हणाले.

"तिला अंडी मिळाली नव्हती म्हणून बसली," घड्याळजी कोंबडीची बाजू घेत म्हणाले. "तसं समजू नका हिला. गेल्या वर्षी हिने एका बैठकीत अकरा अंडी उबवली. अकराच्या अकरा पोटाखाली, एक बाहेर डोकावत नव्हतं."

घरी आल्यावर सुनेने एका बाटलीच्या टोपणात मीठ घेतलं आणि ते ओलं होईल इतपतच पाणी त्यात टाकलं. टोपण आणि यंत्रातलं मीटर तिने एका प्लास्टिकच्या पिशवीत घालून पिशवीचं तोंड घट्ट बांधलं.

"ओल्या मिठाशेजारची हवा पंचाहत्तर असते," ती म्हणाली. "कुठल्याही घरात, कुठल्याही मिठाची. सकाळपर्यंत मीटरने पंचाहत्तर दाखवलं तर मीटर खरं. सातवीच्या प्रयोगात आहे."

"चौदाव्या दिवशी हेच सांगणार होतीस?"

"हो, पण तुम्ही बघितलंत."

सकाळी तिघंही पिशवीभोवती जमले. मीटर सत्तावन्न दाखवत होतं. तपासनिसांनी चष्मा पुसून पाहिलं. सत्तावन्नच. मीटर अठराने कमी सांगत होतं. म्हणजे ज्या दिवसांत ते अठ्ठेचाळीस लिहून टिंब देत होते, त्या दिवसांत आत सहासष्ट होती. आणि पुस्तिकेप्रमाणे अडुसष्टला नेली असती, तर शहाऐंशी झाली असती आणि सातही पिल्लं त्यांच्या देखरेखीत, लेखी जबाबदारीवर बुडून मेली असती. ते पिशवीकडे बघत उभे राहिले. बायकोने त्यांच्या हातातली पेन्सिल काढून घेतली.

"चार नंबरचं काय करायचं?" त्यांनी विचारलं. हा प्रश्न त्यांनी बायकोला विचारला, हे सुनेच्या लक्षात आलं.

"आज पाणी काढून टाका. सगळं, स्पंजसुद्धा. जरा सुकू दे, जागा होऊ दे आत. उद्यापासून घालू. आणि झाकणाला कुणी हात लावायचा नाही."

"कुणी म्हणजे मी."

"कुणी म्हणजे तुम्ही."

एकोणिसावा दिवस कोरडा गेला. विसाव्या दिवशी बायकोने चहाच्या चमच्याने मोजून पाणी घातलं आणि मीटर पन्नासवर आल्यावर थांबली. पन्नास दिसलं की अडुसष्ट समजायचं, हे तपासनिसांना बुद्धीने कळत होतं, पण डोळ्यांना पटत नव्हतं. मग त्यांनी कागदाची पट्टी कापून मीटरसमोरच्या काचेवर चिकटवली. 'यात अठरा मिळवा,' तिच्यावर लिहिलं आणि खाली शिक्का मारला. बायकोने झाकणाला दोरा लावला, त्यावर उरलेली लाख ओतली आणि शिक्का मागून घेतला. रजिस्टर दाराशी तसंच होतं. तपासनीस आत जायला निघाले की ती पेन पुढे करायची.

"कारण?"

पहिल्या दोन वेळा त्यांनी 'पाहणी' लिहिलं. तिसऱ्या वेळी बराच वेळ पेन धरून ते उभे राहिले आणि 'काळजी' असं लिहून आत गेले.

एकविसाव्या दिवशी शेजारून घड्याळजींची हाक आली. खुडूक कोंबडीखाली पाच पिल्लं निघाली होती. क्रमांक सहा मात्र निघालं नाही. बायको ओंजळीत पिल्लू घेऊन पाटावर बसली आणि आता मात्र रडली, आणि ते लपवलं नाही. तपासनीस व्याह्यांशेजारी उभे होते. पाच पिल्लं बघून त्यांना बरं वाटलं, अगदी मनापासून, आणि तरीही त्यांचं अर्धं लक्ष आपल्या मागच्या खोलीकडे होतं. तिथे क्रमांक चार अजून नुसतं पडून होतं.

बाविसाव्या दिवशी दुपारी ते डोळा लागून खुर्चीत कलले होते, तेव्हा आतून टकटक आली. अंड्याच्या रुंद टोकाजवळ एक चीर पडली होती. चिरेमागे काहीतरी चोचीएवढं हललं. तपासनीस उभे राहिले, बसले, पुन्हा उभे राहिले. टक् झालं आणि मग बराच वेळ काहीच झालं नाही. ते दोन्ही हात मागे बांधून यंत्राभोवती फिरत राहिले.

"अडकलंय ते," ते म्हणाले. "जरासं झाकण उघडून नखाने..."

"हात मागेच ठेवा," बायको म्हणाली.

त्यांनी ठेवले. चार तास ठेवले. संध्याकाळी कवचाची टोपी बाजूला सरकली आणि लंगडीच्या रंगाचं एक ओलं, चिपाड पिल्लू धडपडत बाहेर आलं, थोडा वेळ निपचित पडलं आणि मग मान वर करून कर्कश ओरडायला लागलं. त्याच्या पाठीमागे कवचाचा जो तुकडा पडला होता, त्यावर तपासनिसांच्या हातचा चार होता. सून टाळ्या वाजवत शेजारी सांगायला धावली. तपासनीस काचेला नाक लावून उभे राहिले. काचेला पुन्हा घाम आला, आता बाहेरून.

बऱ्याच वेळाने त्यांनी विचारलं, "सहा नेलीस. हे एक का ठेवलंस यंत्रात?"

बायको पदराने काच पुसत होती. तिने त्यांच्याकडे पाहिलं नाही.

"सातवं त्या कोंबडीखाली मावलं नाही," ती म्हणाली.

तपासनिसांना अकरा अंड्यांची गोष्ट आठवली. घड्याळजी शेजारीच होते, विचारायला एक हाक पुरली असती. त्यांनी वही उघडली, पेन्सिलीला टोक केलं आणि लिहिलं, 'क्रमांक चार जागेअभावी यंत्रात ठेवले, असे पत्नीचे म्हणणे.' खाली सवयीने 'पडताळणी' असा शब्द लिहून ते थांबले. बायको अजून तीच काच पुसत होती. मग त्यांनी पुढे लिहिलं, 'गरज नाही,' आणि सही करून वही मिटली.